महोत्सव आणि जत्रा

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर, आंबेगाव आणि लांबलांबच्या तालुक्यांतले गावकारभारी तिथं येतात, फडमालकांशी घासाघीस करतात आणि आपल्या गावच्या यात्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. यंदा यात्रेत काय बघायचं, हे गावच ठरवतं आणि त्यासाठी वर्गणीही गावच काढतं.

अशाच यात्रांमध्ये तमाशाच्या कनातीशेजारी आणखी एक तंबू लागायचा, टुरिंग टॉकीजचा. मालमोटारीवर प्रोजेक्टर, समोर पांढरा पडदा आणि जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की पुन्हा सामसूम. टीव्ही घराघरांत आला, पुढं मोबाइल आला, रिळं गेली आणि हे तंबू विरळ होत गेले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. 2016 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. तंबू ओस पडत होता, त्याची गोष्ट मात्र जगातल्या सर्वांत मानाच्या महोत्सवात पोचली होती!

आपल्याकडे चित्रपट महोत्सव आला तो 24 जानेवारी 1952 रोजी, मुंबईत. फिल्म्स डिव्हिजननं भरवलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईनंतर मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. म्हणजे तोही एका अर्थी फिरताच होता. 'बायसिकल थीव्हज'सारखे इटालियन चित्रपट इथल्या प्रेक्षकांनी त्यात पाहिले. चोरीला गेलेली एक सायकल आणि ती शोधत वणवण करणारे बापलेक, एवढीच गोष्ट. ती पाहून बिमल रॉय भारावले आणि 1953 मध्ये त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. जमीन वाचवण्यासाठी शहरात रिक्षा ओढणारा शेतकरी त्यातून आपल्या पडद्यावर आला. चार दिवसांचा महोत्सव काय करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

त्याच महोत्सवात भारतातर्फे एक मराठी चित्रपट होता, व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी'. शाहीर होनाजी बाळाची ती कथा. ज्या लावणीवर नारायणगावचे फड उभे आहेत, ती लावणी देशाच्या पहिल्याच महोत्सवात हजर होती.

पुढचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरायला 1961 साल उजाडलं. मधल्या काळात आणि नंतरही चांगल्या चित्रपटांची आवड जोपासली ती फिल्म सोसायट्यांनी. पुण्यात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. 2002 पासून डॉ. जब्बार पटेल यांच्या पुढाकारानं पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. स्वतंत्रपणे, थोड्या पैशांत चित्रपट करणाऱ्यांना अशा महोत्सवांचा मोठा आधार असतो. त्यांच्यापाशी बडे नट नसतात, जाहिरातीला पैसा नसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले आणि मग त्याचं नाव सगळीकडे झालं. त्याच्या केंद्रस्थानीही एक लोकशाहीरच आहे.

होनाजीपासून 'कोर्ट'पर्यंत शाहीर महोत्सवांच्या पडद्यावर आला. पण शाहिरांना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलं, त्या गावांत हे चित्रपट किती पोचले? 'तिकडच्या लोकांना असलं कळत नाही,' असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते खरं नाही. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेनं सत्तरच्या दशकापासून जगातले नामवंत चित्रपट गावकऱ्यांना दाखवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर यांचीही त्या कामाला साथ होती. 1991 मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांना जे कळलं, ते जुन्नरच्या द्राक्षबागायतदाराला किंवा मंचरच्या बाजारात कांदा आणणाऱ्याला का कळू नये? रात्र रात्र वगातली कोटी अचूक टिपणारा हा प्रेक्षक आहे.

आता मालमोटार लागत नाही, रिळं लागत नाहीत. प्रोजेक्टर जीपमध्ये मावतो. महोत्सवाची सारी सामग्री गावाकडे आधीपासूनच आहे. वर्षातून एकदा ठरलेली तिथी आहे, मैदान आहे, वर्गणी आहे, आणि खेळ आवडला नाही तर तोंडावर सांगणारा जाणकार प्रेक्षक आहे. शहरातल्या महोत्सवाला हे सगळं मोठ्या कष्टानं जमवावं लागतं.

यात्रेच्या दोन रात्री तमाशाच्या असतील, तर तिसरी रात्र एखाद्या नव्या, स्वतंत्र मराठी चित्रपटाला द्यायला काय हरकत आहे? दिग्दर्शकानं स्वतः यावं, चित्रपट दाखवावा आणि नंतर पारावर बसून गावाचं बोलणं ऐकावं. फडाची सुपारी द्यायला जाणाऱ्या कारभाऱ्यांनी एवढा एक विषय यंदाच्या बैठकीत जरूर काढावा.