शैवालाचा रंग आणि रक्ताची तपासणी

पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुटून गाळलेला हिरवा अर्क उन्हात धरला, तर बाजूने तो लालसर दिसतो. जिवंत पानात हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा बहुतांशी प्रकाशसंश्लेषणाकडे जाते. अर्कात ती वाट बंद झालेली असते, म्हणून काही ऊर्जा लाल प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. हेच अनुस्फुरण. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या घटनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. याच तत्त्वावर पुढे रक्ततपासणीचे एक महत्त्वाचे साधन उभे राहिले.

१९४१ साली हार्वर्ड येथे आल्बर्ट कून्स व सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला अनुस्फुरक रसायन जोडले. प्रतिपिंड ठरावीक पदार्थालाच चिकटते, त्यामुळे तो पदार्थ कोठे आहे हे चमक पाहून कळू लागले. पुढे फ्लुओरेसीन हा कृत्रिम रंग या कामी रूढ झाला. १९७० च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने लेसरच्या झोतातून एकेक पेशी नेऊन तिची चमक मोजणारे व पेशी निवडणारे यंत्र घडवले.

परंतु एक अडचण होती. साहाय्यक टी-पेशीवर सीडी४ हे प्रथिन असते, पण थोड्या प्रमाणात ते मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही असते. म्हणजे पेशीची ओळख पटवण्यास दोन खुणा, आणि दोन खुणांसाठी दोन रंग हवेत. ४८८ नॅनोमीटरच्या एकाच लेसरने फ्लुओरेसीन हिरवे चमके. त्याच लेसरने वेगळ्या रंगात तितकेच तेजस्वी चमकणारे दुसरे द्रव्य हाती नव्हते.

उत्तर समुद्रात होते. पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो; हिरवा-निळा अधिक खोल जातो. तो टिपण्यासाठी लाल शैवलांत फायकोएरिथ्रिन हे प्रथिन असते. त्याच्या एका रेणूत तिसाहून अधिक रंगकण असतात. ते टिपलेली ऊर्जा हरितद्रव्याकडे पोचवतात. प्रथिन शैवालातून वेगळे काढले की, पालकाच्या अर्काप्रमाणेच, ऊर्जेला जायला जागा उरत नाही आणि ते नारिंगी चमकते. व्हर्नन ओई, अलेक्झांडर ग्लेझर व ल्युबर्ट स्ट्रायर यांनी १९८२ साली हे प्रथिन प्रतिपिंडाला जोडून दाखवले. ४८८ नॅनोमीटरचा लेसर त्यालाही चालतो, पण त्याची चमक ५७८ नॅनोमीटरच्या आसपास असते. एका लेसरवर दोन रंग मिळाले!

मात्र चमक दिसली म्हणजे चाचणी विश्वसनीय झाली असे नव्हे. फ्लुओरेसीनच्या प्रकाशाचा काही भाग नारिंगी मापकातही शिरतो. एकेकच रंग दिलेले नमुने मोजून तो वजा करावा लागतो. शिवाय हे प्रथिन आकाराने मोठे आहे, तीव्र प्रकाशात लवकर फिके पडते आणि गोठवल्यास बिघडते. या मर्यादा जाणूनच ते वापरात आले.

एड्सची पहिली नोंद १९८१ सालची. त्या रोगात साहाय्यक टी-पेशीच घटतात, त्यामुळे त्यांची मोजणी हा रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरला. भारतात २००४ साली मोफत औषधयोजना सुरू झाली, तेव्हा उपचार केव्हा सुरू करायचे हे ठरवताना या मोजणीचा आधार घेतला जाई. २०१७ पासून संसर्ग आढळताच उपचार देण्याचे धोरण आहे. तरीही घनमिलिमीटरमागे २०० हून कमी पेशी ही धोक्याची खूण मानतात.

ग्लेझर यांचा मूळ विषय शैवले प्रकाश कसा टिपतात हा होता, रोगनिदान नव्हे. पालकाचा प्रयोग दाखवताना हेही विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.