चढावर थांबणारे वायपर

मागच्या जुलैत मामाच्या १९५१च्या शेव्हरोलेतून खोपोलीहून खंडाळ्याला निघालो. बोरघाटाचा चढ लागला आणि वायपर अर्ध्या काचेवरच थांबले. पाऊस धो धो. मामाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, वायपर दोनदा सपासप फिरले. पाय दाबला, पुन्हा गप्प. मागे ट्रकचा हॉर्न. "ही अशीच आहे," मामा म्हणाला. माझा जीव मुठीत.

मला वाटलं, बिघाड असेल. पण हे वायपर बनवलेच तसे होते. त्यांना विजेची मोटर नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब कमी होतो. तिथून एक रबरी नळी वायपरच्या डबीत जाते. डबीत एक पातं असतं. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा त्याला ढकलते. टोकाला पोचलं की झडप पलटते आणि पातं उलट येतं. स्ट्रॉने सरबत ओढण्यासारखंच. पण चढावर पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, हवा मोकळी आत शिरते आणि ही ओढ जवळजवळ संपते. म्हणजे इंजिनाला जोर लागतो, नेमकी तेव्हाच काच आंधळी.

मेरी अँडरसनने १९०३ साली पेटंट घेतलं ते हाताने हलवायच्या वायपरचं. पुढे अमेरिकेतल्या बफेलो शहरात पावसात जॉन ओशायच्या गाडीची एका सायकलस्वाराला धडक बसली. त्या धक्क्यातून त्याने १९१७ साली जी कंपनी काढली, ती ट्रायको. गंमत म्हणा की दैव, हवेवर चालणारे वायपर अनेक वर्षं विकले ते याच कंपनीने! जर्मनीत बॉशने १९२६ साली विजेचा वायपर आणला होता. पण इंजिनाची ओढ फुकटात मिळत होती, आणि त्या काळच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर आधीच बराच भार असायचा. अमेरिकन मोटर्सने तर १९७०नंतरही या वायपरना लगेच सोडलं नव्हतं.

जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची. त्या गाड्यांनी आपले घाट आणि आपला पावसाळा कसा काढला असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

यावर उपाय त्या काळीही होते. एक म्हणजे नळीच्या वाटेवर एक टाकी आणि हवा परत येऊ न देणारी झडप. इंजिन निवांत असताना टाकी रिकामी होते आणि चढावर तीच ओढ पुरवते. दुसरा उपाय, पेट्रोल पंपातच वायपरसाठी वेगळा पडदा.

मामाच्या गाडीत असा पंप होता! मेकॅनिकने तो उघडला, तर पडदा फाटलेला. त्यातून इंजिनातलं ऑइल ओढलं जाऊन जळत होतं. सायलेन्सरमधून निघणाऱ्या निळ्या धुराचा दोष मामा दोन वर्षं पिस्टनच्या रिंगांना देत होता. पडदा बदलला, तडकलेली नळी बदलली, डबीतलं वाळलेलं ग्रीस धुतलं, टाकी बसवली. मी म्हटलं, "मामा, सरळ विजेची मोटर लाव ना." त्याने उत्तरच दिलं नाही. घाटात रोज जाणाऱ्याने मात्र ती लावावी, असं मला अजूनही वाटतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या चढावर वायपर मंदावले, पण फिरत राहिले. मामाने पाय उचलला नाही. माझ्या हातात फडकं होतंच.