दार बंद झाल्यावरची एकावन्न वर्षं

गेले काही आठवडे आपण या कार्यक्रमात म्हातारपणाबद्दल बोलतोय. पेन्शन झाली, गुडघे झाले, डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पण गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी येऊन थांबतात एकाच प्रश्नापाशी: जिला नवरा नाही, मूलबाळ नाही, तिचं शेवटी कोण करणार? ‘करणं’ हा आपल्याकडचा फार मोठा शब्द आहे. औषध देणं, अंघोळ घालणं, रात्री उठून पाणी देणं, रागावलं तर ऐकून घेणं, सगळं त्या एका शब्दात येतं. ‘तिचं कोण करतं?’ एवढं विचारलं की काय विचारलं ते प्रत्येकीला कळतं.

आज आम्ही तुम्हाला अशा एका घराचा इतिहास सांगणार आहोत, जिथे राहणाऱ्या एकीलाही नवरा-मूल नव्हतं, आणि तरी सव्वादोनशे वर्षं त्यांनी एकमेकींचं केलं. मग वरून एक हुकूम आला आणि त्या घरात नवीन मुलगी येणं बंद झालं. पुढे काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे.

घर गोव्यात आहे, पण वाट आपल्या जवळूनच जाते. भिवंडी रोडला दिवा-वसई गाडी पकडा, खारबाव, कामण, जुचंद्र करत वसई रोडला उतरा आणि किल्ल्यात जा. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून जास्त वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्यात आजही फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा पंथांच्या मठांच्या उंच, बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि मठवासी निघून गेले. पण हे सगळे मठ पुरुषांचे. वसई-चौलच्या पोर्तुगीज घरातल्या एखाद्या मुलीला धर्मभगिनी व्हायचं असेल, तर तिला गलबतात बसून गोव्यालाच जावं लागे. तिथे होता सांता मोनिकाचा मठ.

गोव्याचे आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांनी १६०६ साली या मठाची स्थापना केली. ते स्वतः संत ऑगस्टिनच्या पंथाचे, म्हणून मठाला नाव दिलं ऑगस्टिनच्या आईचं. मोनिका विधवा होती, मुलाच्या मागे आफ्रिकेतून इटलीपर्यंत गेली आणि ३८७ साली परमुलखातच वारली. मरताना तिने सांगितलं म्हणतात, की मला कुठेही पुरा, फक्त प्रार्थनेत आठवण ठेवा. बायकांच्या घराला नाव द्यायला एका थकलेल्या आईचं नाव सुचावं, हे आम्हाला आवडलं.

याच मेनेझिसांच्या काळात गोव्यात बायकांसाठी आणखी दोन आश्रयघरं निघाली. एक अनाथ मुली आणि नवरे मोहिमेवर गेलेल्या किंवा वारलेल्या बायकांसाठी, दुसरं समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी. म्हणजे एकटी बाई दिसली की तिला भिंतीआड ठेवायची, हा विचार त्यामागे होताच. आपल्याकडेही फार वेगळं होतं असं नाही. पण भिंतीआड गेल्यावर बायका काय करतात, हे भिंत बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मठाची इमारत १६२७ मध्ये पुरी झाली. तीन मजली, मधोमध चौक, बाहेरून किल्ल्यासारखी. १६३६ मध्ये आग लागली, पुढच्या वर्षी लगेच दुरुस्ती झाली. भिंतींवर आणि छतांवर बायबलच्या प्रसंगांची चित्रं काढली होती, त्यातली बरीच अजून आहेत. धर्मभगिनींची संख्या शंभरावर जाऊ नये असा नियम होता. एकदा व्रत घेतलं की उंबरा ओलांडायचा नाही. पाहुण्यांशी बोलायचं ते जाळीआडून, आणि वस्तूंची देवघेव भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी पेटीतून. बाहेरच्याने टोपली ठेवायची, आतल्या बाईने पेटी फिरवून घ्यायची, कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही.

आता आमच्या प्रश्नाकडे. तिथे म्हाताऱ्या बायकांचं कोण करत होतं?

ऑगस्टिनच्या नावाने चालणारी एक नियमावली आहे, साधारण सोळाशे वर्षांपूर्वीची. त्या मठाचं जगणं तिच्यावर बेतलेलं. तशी छोटीच आहे, पण आजाऱ्यांबद्दल बारकाईने लिहिलंय. आजारी आणि अशक्त माणसांची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी. कुणाला काय हवंय ते तिने कोठारातून मागून आणावं. अशक्त माणसाला वेगळं जेवण दिलं तर धडधाकट माणसाने कुरकुर करू नये. कुणी दुखतंय म्हटलं, तर दिसत नसलं तरी विश्वास ठेवावा. हे शेवटचं आमच्यातल्या दोघी-तिघींनी पुन्हा वाचायला लावलं. ‘काही होत नाहीये तिला, नाटकं आहेत’, हे वाक्य कोणत्या घरात बोललं जात नाही?

हा झाला नियम. त्यामागे हिशेबही होता. आत येणारी मुलगी हुंडा घेऊन येई. लग्नात द्यावा तसाच, पण हा मठाला. रोख रक्कम, दागिने, जमिनीचं उत्पन्न, असं सगळं. त्या पुंजीवर तिचं आयुष्यभराचं अन्नवस्त्र आणि म्हातारपण चालायचं. आज वीस वर्षांची असताना जी मोठ्यांची पाठ चोळते, तिची पाठ चाळीस वर्षांनी दुसरी विशीतली मुलगी चोळणार. हुंड्याचा पैसा आणि तरुण हात, या दोन चाकांवर गाडी चालत होती.

गोव्याच्या नगरसभेला हे खुपलं. सतराव्या शतकात तिने पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी केल्या की शहरातली श्रीमंती या मठात जाऊन बसतेय, मुली लग्नं करत नाहीत, मठाच्या मालमत्तेला आळा घाला. आम्हाला ही तक्रार फार बोलकी वाटते. बायकांचा पैसा बायकांच्याच घरात साठला, आणि तो बाहेर येईना, एवढ्याने शहर अस्वस्थ झालं. (जाता जाता आजचं एक सांगून ठेवतो. घर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर करताना ‘मला सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ म्हणतं, की अशा अटीवर दिलेली मालमत्ता, पुढे सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. अट कागदावर हवी.)

पण हात म्हटले, ते कुणाचे? इथे गोष्ट तेवढी गोड राहत नाही. मठात सगळ्या सारख्या नव्हत्या. काळी ओढणी घेणाऱ्या वरच्या, त्यांचं काम प्रार्थना म्हणणं आणि मठाचा कारभार बघणं. त्या बहुतेक पोर्तुगीज रक्ताच्या. पांढरी ओढणी घेणाऱ्यांच्या वाट्याला घरकाम. आणि त्यांच्याही खाली नोकराणी आणि चक्क गुलाम बायका. तेव्हा नियमावलीत लिहिलेली सेवा धर्मभगिनींनी केली तशीच या बायकांनीही केली, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. भांडी घासणारी, मळकं धुणारी, रात्री उठणारी. आजही म्हाताऱ्या माणसाचं ‘करायला’ बारा तासांच्या पाळीने बाई ठेवतात, आणि त्या बाईच्या म्हातारपणाचं काय, हा विषय निघत नाही.

अठराव्या शतकात जुनं गोवं रोगराईने ओस पडायला लागलं. माणसं नदीकाठाने खाली पणजीकडे सरकली. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पण उंबरा न ओलांडण्याचं व्रत घेतलेल्या बायका कुठे जाणार? शहर निघून गेलं, त्या राहिल्या.

आणि मग १८३४. पोर्तुगालमध्ये दोन भावांतलं यादवी युद्ध संपलं, उदारमतवादी सरकार आलं, आणि मे महिन्यात आगियार नावाच्या मंत्र्याने पुरुषांचे सगळे धार्मिक पंथ एका हुकमाने बरखास्त केले. मालमत्ता सरकारजमा. लोकांनी त्याला ‘मठवासींचा मारेकरी’ असं टोपणनावच पाडलं. पुढच्या वर्षी गोव्यात अंमल झाला. सांता मोनिकाच्या समोरच, त्याच टेकडीवर, ऑगस्टिनच्या पंथातल्या पुरुषांचा प्रचंड मठ होता. तो रिकामा झाला. १८४२ मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं. नंतर दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला अर्धा मनोरा गोव्याच्या सहलीत तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

बायकांच्या मठाला मात्र सरकारने बाहेर काढलं नाही. त्यांना सांगितलं, तुम्ही राहा, पण नवीन कुणाला घ्यायचं नाही. शेवटची बाई गेली की मठ बंद.

वरवर पाहता दयाळू हुकूम. डोक्यावरचं छप्पर राहिलं, जेवण राहिलं. पण आत्ताच आपण दोन चाकं मोजली, त्यातलं एक काढून घेतलं होतं. दरवर्षी घरातली सगळ्यात तरुण बाई एका वर्षाने म्हातारी होणार, आणि तिच्या मागे कुणी नाही. कालपर्यंत जिने सगळ्यांची पाठ चोळली, तिची पाठ आता तिच्याहून मोठी, वाकलेली बाई चोळणार किंवा पगारी बाई. भिवंडीत अशी घरं आम्हाला माहीत आहेत. ऐंशीची आई आणि साठीची अविवाहित मुलगी. दोघीही पेशंट, दोघीही नर्स.

याच काळात, १८४७ मध्ये, रिचर्ड बर्टन नावाचा कंपनीच्या फौजेतला इंग्रज अधिकारी गोव्यात आला. पुढे मोठा प्रवासी म्हणून गाजला. १८५१ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने या मठावर लिहिलं आणि एक किस्सा सांगितला. एका इंग्रज अधिकाऱ्याला म्हणे मठातली लॅटिन शिकवणारी तरुण धर्मभगिनी आवडली. त्याने रात्री पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध पाजून तिला पळवायचा बेत केला, पण अंधारात खोली चुकली आणि उचलून आणली ती वयस्कर उपप्रमुख! कळल्यावर तिला तिथेच टाकून मंडळी पळाली. हा किस्सा आजही चवीने सांगतात. खरा किती, खोटा किती, ते बर्टनलाच ठाऊक. आम्हाला त्यात हसू आलं नाही. मध्यरात्री तोंड बांधून उचलून नेलेली म्हातारी बाई, आणि विनोद कशाचा, तर ती म्हातारी निघाली याचा.

त्या बायकांचे रोजचे दिवस कसे गेले असतील? प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा होत्या. शंभर जणींनी एका सुरात म्हणायच्या प्रार्थना वीस जणी, मग दहा जणी म्हणू लागल्या असणार. मोठ्या घरात राहणाऱ्या एकट्या बायका हळूहळू एकेक खोली बंद करत जातात, कुलूप लावतात, चूल तेवढी जवळ आणतात, हे आपण पाहतोच. गोव्याचा बिबिंका हा थरांचा गोड पदार्थ याच मठातल्या बिबियाना नावाच्या धर्मभगिनीने केला, अशी एक दंतकथा आहे. अंड्याचा पिवळा, नारळाचं दूध, साखर, आणि एकेक थर वरून भाजत बसायचा. दंतकथाच आहे, पण असा वेळखाऊ पदार्थ लोकांनी मठाच्या स्वयंपाकघराच्या नावावर लावावा, यात नवल नाही.

शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये वारली. तिच्या वयाचा अंदाज आपण करू शकतो. चर्चच्या नियमाने सोळा पूर्ण झाल्याशिवाय कायमचं व्रत घेता येत नसे, आणि १८३४ नंतर तर कुणी आत आलंच नाही. म्हणजे ती किमान सदुसष्ट वर्षांची होती, आणि आत आल्याला पन्नासहून जास्त वर्षं झालेली. एवढ्या वर्षांत तिने आपल्याबरोबरच्या प्रत्येकीला निरोप दिला होता. तिला निरोप द्यायला तिच्या पंथातली कुणीच उरली नव्हती.

असे मठ आज जगभर म्हातारे होत आहेत, हुकूम नसतानाही. युरोपात तरुण मुली येत नाहीत, कित्येक ठिकाणी भारतातून गेलेल्या धर्मभगिनी तिथल्या म्हाताऱ्यांचं करतात. २०१८ मध्ये व्हॅटिकनने बंद मठांसाठी नवी नियमावली काढली. तिच्यात एक आकडा आहे: पाच. कायमचं व्रत घेतलेल्या बायका पाचवर आल्या की त्या मठाला आपली प्रमुख आपण निवडण्याचा हक्क राहत नाही. पण पुढे १८३४ सारखं ‘मरेपर्यंत राहा’ म्हणून सोडून दिलेलं नाही. थकलेल्या मठाला दुसऱ्या सशक्त मठाशी जोडून घ्यायची सोय केली आहे. काही मठांना हे पटलेलं नाही. आपला कारभार दुसऱ्या घरातून चालावा हे कुणाला आवडेल? आमच्यातही यावर दोन मतं पडली. एकीचं म्हणणं, वेळेत जोडून घेतलेलं बरं. दुसरीचं, पाच बायका स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाहीत असं कुणी ठरवलं?

सांता मोनिकाची इमारत मात्र ओस राहिली नाही. १९६४ मध्ये तिथे मातेर देई ही संस्था सुरू झाली. वेगवेगळ्या पंथांच्या धर्मभगिनी शिकायला येऊन राहतात. मठाच्या चर्चमध्ये २००२ पासून ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, आधी ते राशोलला होतं. गोव्याला गेलात तर जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चवरून पुढे टेकडी चढा, डाव्या-उजव्या हाताला पडका मनोरा आणि मोठी तीन मजली भिंत समोरासमोर दिसेल. संग्रहालयाचं तिकीट काढून आत जाता येतं. बाकीच्या मजल्यांवर बायका राहतात, त्यामुळे तिथे विचारूनच जायचं.