सिमेंटच्या पत्र्याआडचे तंतू : इमारतींतील घातक साहित्य शोधणारे पर्यावरणशास्त्रज्ञ

गोठ्यावर, शाळेच्या पडवीवर, कारखान्याच्या शेडवर आणि शहरी वस्त्यांतील घरांवर दिसणारा करड्या रंगाचा पन्हाळीदार पत्रा महाराष्ट्रात ‘सिमेंटचा पत्रा’ या नावानेच ओळखला जातो. नाव चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पत्र्याचे बहुतांश वजन सिमेंटचे आणि राखेचे असते हे खरे. परंतु त्याला ताण सोसण्याचे बळ देणारा घटक म्हणजे साधारणतः ८ ते १० टक्के प्रमाणात मिसळलेला पांढरा ॲस्बेस्टॉस. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे १६ टक्के घरांवर लोखंडी, अन्य धातूंचे किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे होते. हे सर्व प्रकार एकाच रकान्यात मोजले गेल्याने त्यांत ॲस्बेस्टॉसचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जनगणनेतही ज्याची वेगळी नोंद नाही, तो पदार्थ एखाद्या इमारतीत आहे काय, असल्यास नेमका कोठे आणि कोणत्या स्थितीत, हे ठरवणे हे पर्यावरणशास्त्राच्या एका विशेष शाखेचे काम आहे.

या शाखेतील शास्त्रज्ञ इमारतीची पाहणी करतो, नमुने घेतो, हवेतील तंतू मोजतो, साहित्य काढण्याची पद्धत ठरवून देतो आणि काम संपल्यावर ती जागा पुन्हा वापरण्यास योग्य झाली की नाही, याचा निर्वाळा देतो. त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र पहिला हातोडा पडण्यापूर्वीचे असते. तंतू एकदा हवेत गेले की त्यांचे केवळ मोजमाप उरते.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नव्हे, तर सहा तंतुमय खनिजांचे सामायिक व्यापारी नाव आहे. त्यांपैकी क्रायसोटाइल म्हणजे पांढरा, अमोसाइट म्हणजे तपकिरी आणि क्रोसिडोलाइट म्हणजे निळा ॲस्बेस्टॉस बांधकामात अधिक वापरला गेला. आगीत न जळणारा, रसायनांना दाद न देणारा, सिमेंटमध्ये सहज मिसळणारा आणि स्वस्त असा हा पदार्थ विसाव्या शतकातील बांधकामाला वरदान वाटला. त्याच्या तंतूंची लांबीच्या दिशेने अधिकाधिक बारीक चिरफाळी होत जाते आणि हे सूक्ष्म तंतू फुप्फुसात खोलवर जाऊन वर्षानुवर्षे टिकतात. फुप्फुसे ताठर करणारा ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसांचा कर्करोग आणि फुप्फुसांच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग हे त्याचे प्रमुख परिणाम. मेसोथेलिओमा संपर्कानंतर बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. दक्षिण आफ्रिकेतील जे. सी. वॅगनर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील अनेकांनी खाणीत कधी काम केलेलेच नव्हते. ते खाणींच्या परिसरात राहिलेले होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार केवळ कामाच्या ठिकाणी झालेल्या संपर्कामुळे जगभरात दरवर्षी २ लाखांहून अधिक मृत्यू होतात.

पाहणी आणि प्रयोगशाळा

पाहणीची सुरुवात कागदपत्रांपासून होते. इमारत केव्हा बांधली, बॉयलर होता काय, मूळ नकाशात नसलेले मजले किंवा शेड नंतर चढवले काय, हे विचारले जाते. त्यानंतर शास्त्रज्ञ खोलीमागून खोली फिरतो. छपराचे पत्रे सर्वांच्या नजरेस पडतात. पण पाण्याचे व सांडपाण्याचे जुने नळ, वाफेच्या नळ्यांवरील लेप, विद्युत फलकामागील तक्ते, जुन्या विनाइल फरशा, भट्टीच्या दाराभोवतीची दोरी आणि लिफ्टच्या ब्रेकचे अस्तर येथेही ॲस्बेस्टॉस आढळू शकतो. हे सर्व सारखेच धोकादायक नसते. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला तंतू पत्रा शाबूत असेपर्यंत सहसा सुटत नाही. उलट वाफेच्या नळीवरील ठिसूळ लेप बोटाने दाबला तरी चुरा होतो. म्हणूनच चांगल्या अहवालात केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहिलेले नसते. साहित्याची स्थिती, तेथील वर्दळ आणि पुढे होणारे काम यांचा विचार करून प्रत्येक ठिकाणाचा धोका स्वतंत्रपणे नोंदवला जातो. पुष्कळदा शिफारस ‘हात लावू नका, खूण करून ठेवा आणि दरवर्षी तपासा’ अशीच असते, आणि पैसे मोजून अहवाल मागवणाऱ्या मालकाला ती फारशी रुचत नाही.

नमुना घेताना ती जागा आधी पाण्याने भिजवतात, लहानसा तुकडा काढून दुहेरी पिशवीत बंद करतात आणि उघडी पडलेली कड लेप लावून बुजवतात. शास्त्रज्ञाच्या अंगावर एकदाच वापरायचा पोशाख आणि तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा असतो. मुखवट्याची कड त्वचेला चिकटली पाहिजे, म्हणून या व्यवसायात दाढी राखता येत नाही. एका दिवसाची खुंटेही मुखवटा निरुपयोगी करू शकतात.

डोळ्यांनी पाहून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. बाजारात अन्य तंतू वापरलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. प्रयोगशाळेत नमुन्यातील सिमेंटचा चुना सौम्य आम्लाने विरघळवतात आणि उरलेले तंतू ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात ठेवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. क्रायसोटाइलसाठी १.५५ अपवर्तनांकाचे तेल वापरतात. त्याचे तंतू नागमोडी असतात, तर अमोसाइट आणि क्रोसिडोलाइटचे सरळ, सुईसारखे. तंतू फिरवला असता दिसणाऱ्या रंगांवरून खनिज निश्चित होते.

हवेची तपासणी वेगळी. कामगाराच्या खांद्याजवळ एक लहान फिल्टर लावून कमरेच्या पंपाने त्यातून हवा ओढली जाते. मिनिटाला २ लिटर वेगाने ४ तास पंप चालला, तर ४८० लिटर हवा गाळली जाते. मग फिल्टर पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू एकेक करून मोजले जातात. ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब, ३ मायक्रोमीटरपेक्षा अरुंद आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबीचा असेल तोच तंतू मोजणीत धरला जातो. काम कंटाळवाणे आहे, आणि थकलेला डोळा कमी मोजतो. शिवाय या पद्धतीत ॲस्बेस्टॉसचा तंतू आणि काचेचा तंतू यांत फरक करता येत नाही; अतिसूक्ष्म तंतू तर दिसतच नाहीत. शंका राहिली तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आधार घ्यावा लागतो.

अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीने दर घन सेंटिमीटर हवेत ०.१ तंतू ही कमाल मर्यादा आहे. हा आकडा नगण्य वाटतो. पण एक घनमीटर हवेत त्याचे १ लाख तंतू होतात, आणि आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे १० घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही दिवसाकाठी १० लाख तंतू शरीरात जाऊ शकतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये आपली मर्यादा दहापटीने खाली आणून ०.०१ केली.

काढण्याचे काम

ठिसूळ साहित्य काढायचे असेल तर ती जागा जाड प्लास्टिकने पूर्णपणे बंद केली जाते. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी ठेवतात, जेणेकरून एखादी फट राहिलीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. बाहेर सोडायची हवा ०.३ मायक्रोमीटर आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या फिल्टरमधून जाते. कामगार बाहेर पडताना तीन टप्प्यांच्या कक्षातून, मधल्या टप्प्यात अंघोळ करून येतो. ब्रिटनमध्ये अशा कामासाठी परवाना लागतो आणि अखेरच्या तपासणीत हवेतील तंतूंचे प्रमाण ०.०१ पेक्षा खाली आल्याखेरीज जागा ताब्यात दिली जात नाही.

सिमेंटच्या पत्र्यासाठी इतका सरंजाम लागत नाही. पत्रा भिजवायचा, बोल्ट सोडवायचे, अखंड उतरवायचा आणि गुंडाळून ठेवायचा. त्याला हातोडा, करवत किंवा विजेवर चालणारे कटर लावायचे नाही. जुना पत्रा ठिसूळ असतो आणि माणसाचे वजन पेलत नाही. कर्करोगाला दशके लागतात, छपरातून कोसळायला क्षण पुरतो. त्यामुळे कामाच्या आराखड्यात उंचीवरील सुरक्षेचे पान तंतूंच्या पानाइतकेच महत्त्वाचे असते.

ॲस्बेस्टॉसखेरीज इतर काही पदार्थही या पाहणीत तपासले जातात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचा थर कोरडा घासणे, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, धोक्याचे ठरू शकते. हाती धरता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राने भिंत न खरवडता शिसे तपासता येते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील पीसीबी तेल आणि ट्यूबलाइटमधील पारा यांचीही नोंद घ्यावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे बंद झाले आणि १९९३ मध्ये जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरणही थांबले. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि वापर मात्र कायदेशीर आहे. रशियासारख्या देशांतून येणाऱ्या मालावर पत्र्यांचा उद्योग चालतो. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर, युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये बंदी लागू केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कल्याणेश्वरी प्रकरणात सरसकट बंदीची मागणी मान्य केली नाही. घातक रसायनांच्या व्यापारासंबंधीच्या रॉटरडॅम कराराच्या यादीत क्रायसोटाइल घालण्यास भारताने २०११ मध्ये पाठिंबा दिला होता. २०१३ मध्ये भूमिका बदलून विरोध केला.

उद्योगाचा युक्तिवाद ‘नियंत्रित वापरा’चा आहे : कारखान्यात धूळ रोखली, तंतू सिमेंटमध्ये बांधले, की धोका राहत नाही. कारखान्याच्या फाटकापर्यंत हा युक्तिवाद तपासता येतो. फाटकाबाहेर पत्र्याचे आयुष्य कित्येक दशकांचे असते आणि तेथे नियंत्रण कोणाचेच नसते. छपराच्या मापाला पत्रा कापणारा, पाइपसाठी त्याला भोक पाडणारा आणि वादळानंतर फुटलेले तुकडे गोळा करणारा माणूस कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन ॲण्ड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी उशिरा संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेशही त्या निकालात आहे. रोगाच्या संथ गतीचा नेमका विचार करणारा हा आदेश होता. पाडकामावरील रोजंदारी मजुराला मात्र त्याचा लाभ जवळजवळ मिळत नाही. तो आज मुंबईत, पुढच्या वर्षी सुरतेत, तर पावसाळ्यात आपल्या गावी असतो. तीस वर्षांनी गावच्या दवाखान्यात धाप लागल्याची तक्रार घेऊन जाईल, तेव्हा त्याने कोणत्या इमारतीचे छप्पर उतरवले होते, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसेल. त्यात काय होते, हे तर त्यालाही नाही.

पाडकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ मध्ये केलेल्या नियमांनी दिवसाला २० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांना तो वेगळा करणे बंधनकारक केले : काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक, विटा आणि गिलावा. पत्र्यासाठी स्वतंत्र ढीग या वर्गवारीत नव्हता. याउलट घातक कचऱ्याच्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉस नोंदलेला आहे, पण तो ॲस्बेस्टॉस उत्पादनाच्या प्रक्रियेपुढे.

जहाजांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. फ्रेंच नौदलाची ‘क्लेमन्सो’ ही विमानवाहू नौका तोडणीसाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली असता तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून वाद पेटला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने ती माघारी बोलावली. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रीकरण कायदा केला, तर हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. त्यानुसार तोडणीला येणाऱ्या जहाजासोबत घातक साहित्याची बाबवार यादी असावी लागते. मुंबईत पुनर्विकासासाठी रिकाम्या होणाऱ्या गिरणीच्या शेडसोबत अशी यादी सहसा नसते.

भारतात या क्षेत्राकडे वळणारे बहुतेक जण पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूविज्ञानाचे पदव्युत्तर असतात. खनिजांची ओळख असल्याने भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाचे काम लवकर जमते. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आणि मुंबईत सायन येथील केंद्रीय श्रम संस्था ही या विषयाची प्रमुख सरकारी केंद्रे. हवेतील तंतू मोजण्यासाठी भारतीय मानक ११४५० आहे. परदेशी कंपन्यांच्या कार्यालयांची किंवा कारखान्यांची पाहणी करायची असल्यास ब्रिटनच्या पी-४०२ सारख्या प्रमाणपत्राची विचारणा होते, आणि भारतातील पूर्ण पाहणीची बरीचशी मागणी अशाच ग्राहकांकडून येते.

उतरवलेला शाबूत पत्रा आपल्याकडे कचऱ्यात क्वचितच जातो. तो जुन्या मालाच्या बाजारात विकला जातो आणि दुसऱ्या छपरावर चढतो. घरावर असा पत्रा असेल तर त्याला भोके पाडू नयेत, तो ब्रशने किंवा तारेच्या घासणीने घासू नये, शेवाळ काढायचेच असेल तर आधी भिजवावे. फुटलेले तुकडे कोरड्या झाडूने न लोटता ओल्या फडक्याने उचलून जाड पिशवीत बांधावेत आणि रस्त्याच्या किंवा अंगणाच्या भरावात मुळीच टाकू नयेत.