तेरीज ते संगणकीय तक्ता : वाणिज्य हिशेबातील ताळ्याचा प्रश्न

मुलुंड येथे पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनने १९७० मध्ये वाणिज्य महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा संगणकीय तक्ता म्हणजे स्प्रेडशीट प्रचारात नव्हती. रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद हाच हिशेबाचा क्रम होता. तेरीज जुळल्याखेरीज ताळेबंदाकडे वळता येत नसे. ताळा पाहणे हा लेखनाचाच भाग होता.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आले. एका चौकटीतील आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे आपोआप बदलू लागली. १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. महाराष्ट्रात, २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने ते सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविले.

श्रम वाचले, मात्र ताळ्याची सक्ती उरली नाही. सूत्र चुकले तरी तक्ता नीटनेटकाच दिसतो. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या सार्वजनिक कर्जावरील २०१० च्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश वगळले गेले होते. अनेक देशांच्या काटकसरीच्या धोरणचर्चेत त्या निबंधाचा आधार घेतला गेला. थॉमस हर्नडन या संशोधक विद्यार्थ्याने मूळ तक्ता तपासल्यावर, २०१३ मध्ये, ही चूक उघडकीस आली.

यावरून असे दिसते की, संगणकाने बेरीज स्वतःकडे घेतली, जबाबदारी नव्हे. मुलुंडमधील असो वा अन्यत्रचा, वाणिज्याच्या विद्यार्थ्यास अहवाल तयार करण्यास शिकविताना उभ्या-आडव्या बेरजांचा मेळ आणि मूळ नोंदींशी पडताळणी यांनाही सूत्रांइतकेच गुण देणे अगत्याचे ठरते.