‘संविभाग’ : शब्द आणि आचार

पाली वाङ्मयातील ‘संविभाग’ हा शब्द ‘भज्’ म्हणजे वाटणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. आपल्याजवळचे इतरांसह वाटून घेणे, हा त्याचा अर्थ. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खंधकात या वाटणीला नियमांचे रूप आलेले दिसते. चीवरे वाटणारा ‘चीवरभाजक’ संघाच्या संमतीने नेमावयाचा. तो छंद, द्वेष, मोह व भय या चार अगतींपासून मुक्त असावा. काय वाटले व काय वाटावयाचे राहिले, हे त्याला ठाऊक असावे. चीवरे मोजून, बरीवाईट मिसळून वाटे करावेत आणि कुश टाकून ते ठरवावेत. श्रामणेरांना अर्धा वाटा असे. पण तो दीक्षेच्या पायरीमुळे, जन्मामुळे नव्हे.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात मात्र ‘बलुते’ जन्माला बांधलेले होते. खळ्यावर किती धान्य पडेल, हे देणाऱ्याच्या मर्जीवर राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यास दुरुस्ती सुचविली, ती हीच पराधीनता तोडण्यासाठी. म्हणून वाटा किती, याआधी तो कोण आणि कोणत्या नियमाने वाटतो, हे विचारणे आपल्या संस्थांतही अगत्याचे आहे.