अभिकल्प फाइल-स्वरूपे व त्यांचे प्रलेखन

यंत्रे, इमारती, धरणे, रस्ते, जमिनी इत्यादींची आरेखने संगणकाच्या साहाय्याने केली असता ती ज्या ठराविक मांडणीने साठविली जातात, त्या मांडणीला फाइल-स्वरूप म्हणतात. आज्ञावली तयार करणाऱ्या कंपनीने ही मांडणी प्रसिद्ध केली नसेल, तर ते स्वरूप खाजगी मालकीचे समजले जाते. अशा स्वरूपातील प्रत्येक अंकाचा अर्थ शोधून तो इतरांना वापरता येईल अशा रीतीने लिहून ठेवणे म्हणजे त्याचे प्रलेखन होय. आरेखन करणाऱ्याची मालकी आरेखनावर असली, तरी ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असू शकते, या वस्तुस्थितीतून हे काम उद्भवले.

कागदी आरेखनात हा प्रश्न फारसा येत नसे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. भीमा व सीना या नद्यांमधील या तालुक्याच्या पश्चिमेस, भीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातील इंदापूर आहे. तेथे एच. ई. गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी १८३६ मध्ये शेतवार मोजणी व आकारणीची जी पद्धत सुरू केली, तीच पुढे माढ्यासह सोलापूरकडील मुलखात लागू झाली. शंकू व साखळी ही या मोजणीची साधने होती. साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. ३३ फूट लांब व तितक्याच रुंद जमिनीचा एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एक एकर होई. शेतातून सरळ रेषा धरून तिच्यावरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब मोजावयाचे आणि ती मापे कच्च्या आकृतीवर लिहावयाची, असा क्रम असे. या आकृतीस टिपण म्हणतात. टिपण प्रमाणबद्ध नसते. त्यातील रेषा वाकडी असली तरी बिघडत नाही, कारण खरी माहिती रेषेत नसून तिच्यालगत लिहिलेल्या अंकांत असते. या अर्थाने टिपण हे आकृतीपेक्षा सहनिर्देशकांच्या कोष्टकाला अधिक जवळचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या पद्धतीचे नियम गोल्डस्मिड, विंगेट व डी. डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले. मोजणीदार बदलला, राज्य बदलले, तरी टिपणातील अंक कशाचे आहेत हे त्यामुळे लिखित स्वरूपात उपलब्ध राहिले. जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व त्यांचे एकत्रीकरण यांसंबंधीच्या १९४७ च्या कायद्यानंतर भूमापन क्रमांकांच्या जागी अनेक गावांत गट क्रमांक आले. तथापि हद्दीचा वाद उपस्थित झाला, की मूळ टिपण काढून पाहावे लागते आणि ते वाचताही येते. याच तालुक्यातील उजनी येथे भीमेवर १९६६ ते १९८० या काळात धरण बांधले गेले. त्या काळच्या प्रघातानुसार अशा कामांची आरेखने पारदर्शक कापडावर वा कागदावर शाईने काढून त्यांच्या अमोनिया प्रती कार्यस्थळी पाठवीत. कालव्याची रेषा कोणाच्या शेतातून जाते, हे अशा प्रतीवर शेतकऱ्यालाही बोटाने दाखविता येत असे.

संगणकीय आरेखनाचा आरंभ सामान्यपणे आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅड (१९६३) या प्रणालीपासून धरतात. पुढील दीड दशकात विमान व मोटार उद्योगांतील कंपन्यांनी अशा प्रणाली घेतल्या आणि एका प्रणालीतील आरेखन दुसरीत नेता येत नाही, ही अडचण लवकरच जाणवली. १९७९ मध्ये अमेरिकेत बोइंग, जनरल इलेक्ट्रिक व राष्ट्रीय मानक कार्यालय यांच्या सहभागाने आयजेस या सामाईक विनिमय-स्वरूपाचे काम सुरू झाले व १९८० मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. छिद्रित पत्रांच्या ८० स्तंभांची मांडणी तीत तशीच ठेवली होती. त्यानंतरचे स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ १०३०३) १९९४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होत आले आहे. घनाकृती यंत्रभागांच्या देवघेवीसाठी ते आज सर्वत्र चालते. मात्र त्यातून भागाचा अंतिम आकार पोहोचतो. तो कोणत्या क्रमाने घडविला, कोणते माप कोणत्या मापावर अवलंबून ठेवले, ही माहिती बहुधा गळून पडते. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान पुरवठादाराला मोठ्या ग्राहकाचीच आज्ञावली विकत घ्यावी लागते, याचे एक कारण हे आहे.

सर्वांत अधिक प्रसार झालेले स्वरूप मात्र मानक म्हणून जन्मले नाही. ऑटोडेस्क या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कंपनीने त्याच वर्षी ऑटोकॅड ही वैयक्तिक संगणकावर चालणारी आज्ञावली बाजारात आणली. तिची आरेखने डीडब्ल्यूजी या स्वरूपात साठविली जात. मायकेल रिडल यांच्या इंटरॅक्ट या आधीच्या आज्ञावलीत या स्वरूपाचे मूळ आहे. कंपनीने डीडब्ल्यूजीचे वर्णन प्रसिद्ध केले नाही. त्याऐवजी विनिमयासाठी डीएक्सएफ हे दुसरे स्वरूप दिले व त्याचे वर्णन मात्र खुले ठेवले. डीएक्सएफ फाइल साध्या मजकुराची असून तिच्यात दोन दोन ओळींच्या जोड्या असतात. पहिल्या ओळीत संकेतांक व दुसरीत मूल्य येते. ८ या संकेतांकानंतर थराचे नाव, १०, २० व ३० यांनंतर बिंदूचे तीन सहनिर्देशक आणि वर्तुळ असल्यास ४० नंतर त्याची त्रिज्या, अशी ही रचना आहे. थोड्या सरावाने ती माणसालाही वाचता येते. घनाकृतींची माहिती मात्र या खुल्या फाइलीतही दीर्घकाळ अक्षरांच्या साध्या अदलाबदलीने झाकून ठेवलेली असे. शिवाय डीएक्सएफ फाइली आकाराने मोठ्या होत, म्हणून दैनंदिन कामात आणि ग्राहकाला आरेखन सुपूर्द करताना डीडब्ल्यूजीच रूढ झाले.

प्रलेखनाची पद्धत : अज्ञात स्वरूपाचा उलगडा करण्याची मूळ रीत साधी आहे. आज्ञावलीत एकच रेषा काढून फाइल साठवावयाची, रेषेचे एक टोक थोडे सरकवून दुसरी फाइल साठवावयाची आणि दोहोंतील बाइट क्रमाने ताडून पाहावयाचे. जेथे फरक पडला, तेथे त्या टोकाचा सहनिर्देशक असला पाहिजे. डीडब्ल्यूजीच्या प्रत्येक फाइलीचा आरंभ सहा अक्षरांच्या आवृत्तिदर्शक खुणेने होतो, उदा., ऑटोकॅड २००० च्या फाइलीत एसी१०१५, तर २०१८ च्या फाइलीत एसी१०३२. त्यामुळे निदान कोणत्या आवृत्तीशी गाठ आहे एवढे आरंभीच कळते. जुन्या आवृत्त्यांत ही ताडणी सुलभ होती. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीपासून ती फार अवघड झाली, कारण तेव्हापासून पुष्कळशी माहिती बाइटच्या सीमा न पाळता बिटांच्या सलग ओळीत भरली जाऊ लागली. दशांशयुक्त संख्येसाठी आधी दोन बिट लिहिले जातात. ते ०० असल्यास पुढे आठ बाइटांची पूर्ण संख्या येते, ०१ असल्यास संख्या १ व १० असल्यास शून्य समजावयाची, पुढे काहीही लिहावयाचे नाही. पूर्णांकासाठीही असेच दोन बिट असून त्यांत शून्य व २५६ या संख्यांना स्वतंत्र खुणा दिलेल्या आहेत. आरेखनात शून्य व एक या संख्या वारंवार येत असल्याने जागेची मोठी बचत होते. परंतु एका शून्याच्या जागी दुसरी संख्या आली, की त्यापुढील सर्व बिट सरकतात आणि दोन फाइलींत सर्वत्र फरक दिसू लागतो. हे कोडे सुटले ते असंख्य लहान फाइली करून, प्रत्येक तर्क पुनःपुन्हा तपासूनच.

उलगडा झाला एवढ्याने भागत नाही. फाइलीच्या विभागांना पडताळा-अंक जोडलेले असतात व तेही अचूक काढता आले नाहीत, तर बाहेर तयार केलेली फाइल मूळ आज्ञावली नाकारते. २००४ च्या आवृत्तीत माहिती संक्षिप्त करून साठविली जाऊ लागली व शीर्षभागावर यादृच्छिक भासणाऱ्या अंकांचे आवरण चढले. २००७ च्या आवृत्तीत रीड-सॉलोमन संकेतनही आले. हे संकेतन मूलतः खराब झालेल्या माध्यमावरील चुका दुरुस्त करण्यासाठी वापरतात. या बदलांमागील हेतू कोणताही असो, दर नव्या आवृत्तीबरोबर प्रलेखकांचे बरेचसे काम पुन्हा करावे लागले.

हे काम संघटितपणे करण्यासाठी १९९८ मध्ये व्हिजिओ कंपनीच्या पुढाकाराने ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स ही संस्था निघाली. मारकॉम्प या कंपनीने आधी विकसित केलेले आज्ञा-संग्रह हे तिचे भांडवल होते. पुढे तिचे नाव ओपन डिझाइन अलायन्स झाले. संस्थेचे आज्ञा-संग्रह सभासदांसाठी असले, तरी स्वरूपाचे वर्णन तिने सर्वांसाठी प्रसिद्ध केले. त्यात अनेक रकान्यांपुढे ‘अज्ञात’ असा शेरा आढळतो. शोधाची मर्यादा इतक्या स्पष्टपणे नोंदविणारे तांत्रिक लेखन विरळाच. या वर्णनाचा उपयोग पुढे लिबरडीडब्ल्यूजी या ग्नू प्रकल्पातील मुक्त आज्ञावलीसही झाला.

नोव्हेंबर २००६ मध्ये ऑटोडेस्कने या संस्थेविरुद्ध अमेरिकन न्यायालयात दावा लावला. ऑटोडेस्कच्या आज्ञावलीने साठविलेल्या फाइलीत ती विश्वसनीय असल्याचे सांगणारे एक वाक्य असते. तेच वाक्य संस्थेच्या आज्ञा-संग्रहाने केलेल्या फाइलीतही उमटत असे. वादाचा विषय व्यापारचिन्हाचा होता, स्वरूपाचा अर्थ शोधण्याच्या अधिकाराचा नव्हता. हा भेद तेव्हाच्या चर्चेत पुष्कळदा विसरला गेला. एप्रिल २००७ मध्ये तडजोड होऊन संस्थेने ते वाक्य गाळले. २०२० मध्ये ऑटोडेस्क स्वतः या संस्थेची सभासद झाली.

कायद्याच्या दृष्टीने, स्वतंत्रपणे केलेली आज्ञावली दुसरीशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळविण्यास यूरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशाने मर्यादित मुभा दिली. भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तशीच तरतूद आली. आज्ञावली कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने अशी माहिती मिळविण्यासाठी केलेली कृती प्रतिलिप्यधिकाराचा भंग ठरत नाही. मात्र ती माहिती अन्य मार्गाने सहज उपलब्ध नसावी, अशी अट आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये इ-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही जाहीर केले.

भूमापनाच्या क्षेत्रात याच प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या रीतींनी मिळाली. उपग्रहांवरून स्थान ठरविणाऱ्या ग्राहकयंत्रांचा प्रत्येक निर्माता आपापले स्वरूप वापरीत असे. १९८९ मध्ये यूरोपातील एका मोठ्या मोजणी-मोहिमेत चार निर्मात्यांची साठांहून अधिक यंत्रे एकत्र आली, तेव्हा बर्न विद्यापीठातील व्हेर्नर गुर्टनर यांनी रिनेक्स हे साध्या मजकुराचे सामाईक स्वरूप सिद्ध केले व निर्मात्यांनाही ते मान्य करावे लागले. उलट एस्री या कंपनीने शेपफाइल या आपल्या नकाशा-स्वरूपाचे वर्णन १९९८ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. शंभर बाइटांच्या शीर्षभागाचा आरंभ ९९९४ या संख्येने होतो. ही संख्या बाइटांच्या एका क्रमाने व त्याच फाइलीतील सहनिर्देशक उलट क्रमाने लिहिलेले असतात. ही रचना विचित्र खरी, परंतु ती जाहीर असल्यामुळे कोणाचेही अडत नाही.

जमिनीची मोजणी आता विद्युत्‌ अंतरमापक यंत्रांनी व उपग्रहाधारित साधनांनी होते आणि जुन्या टिपणांवरून संगणकीय नकाशे तयार केले जातात. या रूपांतरात फाइलीसोबत तिचे स्वरूप व आवृत्ती, वापरलेली सहनिर्देशक पद्धती आणि मापनाचे एकक यांची लेखी नोंद ठेवणे आवश्यक असते. एककाच्या बाबतीत चूक विशेष संभवते, कारण आरेखन-फाइलीत लांबी ही नुसती संख्या म्हणून साठविली जाते. डीएक्सएफच्या शीर्षभागात एककासाठी संकेतांक ठेवलेला आहे : १ म्हणजे इंच, २ म्हणजे फूट, ६ म्हणजे मीटर आणि शून्य म्हणजे एकक सांगितलेले नाही. या यादीत प्रकाशवर्ष व पार्सेक यांचाही समावेश आहे. ३३ फुटी साखळी व तिचा आणा मात्र तीत नाहीत. त्यामुळे माढ्यातील एखाद्या टिपणावरून आरेखन करताना एक आणा म्हणजे ०·६२८६५ मी. हे रूपांतर आधी करून, ते केल्याची नोंद आरेखनावरच लिहावी लागते.